अर्धवट ॲपांचा सामायिक माळा कसा उभारावा

कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर एक तरी अर्धवट ॲप पडलेलं असतं. कोथरूडच्या आम्हा चौघांकडे तशी सात निघाली: बिशीचा हिशेब, इनस्क्रिप्ट टायपिंगचा सराव, दिवाळी अंकांची यादी, असलं बरंच काही. ती सगळी एकाच गिट रेपोत (कोडचा प्रत्येक बदल इतिहासासकट जपणाऱ्या 'गिट' या साधनाच्या साठ्यात) टाकली आणि रेपोला नाव दिलं 'माळा'.

कल्पना जुनीच आहे. लिनक्सवरच्या केडीई डेस्कटॉपच्या मंडळींनी सीव्हीएस या गिटआधीच्या तशाच साधनाच्या काळात कच्च्या कामासाठी 'केडीईनॉनबीटा' हा वेगळा कप्पा ठेवला होता. २००५ मध्ये ते सबव्हर्जन या दुसऱ्या साधनावर गेले, तेव्हा असं काम 'प्लेग्राउंड'मध्ये येऊ लागलं. ॲप जरा उभं राहिलं की 'केडीईरिव्ह्यू'त जायचं, तिथे दोन आठवडे इतरांनी ते तपासायचं, मग पुढची जागा. माळ्याला उतरायची शिडी हवी, ती ही.

सुरुवात फोल्डरपासून करा. एका ॲपला एक फोल्डर. रिकामं फोल्डर गिट ठेवतच नाही, तेव्हा त्यात आधी रीडमी, म्हणजे ॲपची ओळख सांगणारी फाइल, टाका. ॲप काय करतं, काय अजून चालत नाही आणि विचारायचं कोणाला, एवढंच लिहा. 'काय चालत नाही' हे मात्र सविस्तर. पाटी लिहायला पुणेकरांना शिकवणी लागू नये.

लगेच लायसन्सची फाइलही घाला. ती नसेल तर कोड सगळ्यांना दिसतो, पण कॉपीराइट लेखकाकडेच राहतो आणि दुसऱ्याला तो कायदेशीरपणे वापरता येत नाही. आम्ही जीपीएल हे मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स घेतलं. चर्चा दोन कटिंगांत आटोपली.

कमिटचा, म्हणजे रेपोत बदल नोंदवायचा, हक्क चौघांनाही द्या, पण एका कमिटमध्ये एकाच फोल्डरला हात लावायचा. हा नियम जाचक वाटतो. पुढे एखादं ॲप स्वतंत्र करताना 'गिट सबट्री स्प्लिट' या कमांडने ते फोल्डर इतिहासासकट वेगळं काढता येतं, आणि तेव्हा सरमिसळ नसलेल्या नोंदी वाचायला सुटसुटीत पडतात.

आता चालवून बघणं. इथे मी स्वतः आपटलोय. एक प्रायोगिक पॅनेल सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, थेट सिस्टिममध्ये बसवलं आणि दुसऱ्या दिवशी लॉगिननंतर नुसता काळा पडदा. बिल्डसाठी, म्हणजे कोडचं चालणारं ॲप बनवायला, सीमेक हे साधन वापरत असाल तर इन्स्टॉल प्रीफिक्स (ॲप कुठे बसवायचं तो पत्ता) होम फोल्डरमधल्या एखाद्या कप्प्याचा द्या, सुडोची गरजच पडणार नाही. त्याहून बरं म्हणजे चाचणीसाठी लिनक्सवर वेगळा यूजर बनवा, कारण कच्चं ॲप सेटिंगच्या फाइलीही बिघडवू शकतं. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या 'एक्सपेरिमेंटल' भांडारातही हीच सावधगिरी दिसते: तिथलं पॅकेज नेहमीच्या अपग्रेडमध्ये आपोआप येत नाही, मुद्दाम मागावं लागतं.

राहिली साफसफाई. सहा महिने ज्याला कोणी हात लावला नाही, ते 'अडगळ' फोल्डरमध्ये हलवा. पुसलं तरी इतिहासात राहतंच, पण समोर दिसलं तर कोणी उचलेल.

तयार ॲप माळ्यावरून खाली उतरवण्याआधी अट एकच: लेखक सोडून दुसऱ्या कोणीतरी ते फक्त रीडमी वाचून आपल्या मशीनवर बिल्ड करून दाखवायचं. टायपिंगचा सराव असा उतरला. बिशीचा हिशेब मात्र अजून माळ्यावरच आहे. एकाने हप्ता चुकवला की तो कोसळतो.