मोटर सगळ्यात शेवटी: स्वस्त ई-सायकलची ताकद वाढवण्याआधीची तयारी

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, माझी ई-सायकल पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या चढावर मान टाकते. हजार वॉटची मोटर बघून ठेवलीय. मागवू का?" मी म्हटलं, मागवू नकोस, आधी मला एक रविवार दे. त्या रविवारी आम्ही दोघांनी काय काय तपासलं आणि पुढे कुठल्या क्रमाने खरेदी केली, ते इथे लिहितो आहे. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेक जण मोटरपासून सुरुवात करतात आणि बॅटरी, ब्रेक, वायरी मागाहून बघू म्हणतात. पैसे तिथेच वाया जातात आणि माणसंही तिथेच जखमी होतात.

सुरुवात वही-पेनाने करा. सायकल आडवी घालून मोटरवर, कंट्रोलरवर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा), बॅटरीवर आणि चार्जरवर जे काही छापलंय ते सगळं उतरवून घ्या, फोटोही काढा. आपल्याकडच्या स्वस्त ई-सायकलींमध्ये साधारण ३६ व्होल्ट, २५० वॉटची मागच्या चाकातली मोटर आणि ७ ते ८ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी असते. भाच्याची होती ३६ व्होल्ट, ७.८ एएच. गुणाकार केला की २८० वॉट-तास. पुण्यातल्या चढउतारांवर, थोडं पेडल मारत, किलोमीटरला १५ वॉट-तास धरले तर जेमतेम १८ किलोमीटर. कंट्रोलरवर १५ अँपिअर लिहिलेलं होतं. म्हणजे '२५० वॉट'ची ही सायकल चढावर काही वेळ बॅटरीतून ५४० वॉटपर्यंत ओढू शकते. ताकद कमी पडत असेल तर ती नेमकी कुठे अडते, हे शोधायचं राहतं.

त्यासाठी बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये एक वॉटमीटर लावा. छोटं यंत्र आहे, व्होल्ट, अँपिअर आणि खर्च झालेले वॉट-तास तीनही दाखवतं. पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत एखाद्या दुकानात नक्की मिळेल. ते हँडलला चिकटपट्टीने बांधून आम्ही चढावर गेलो. उभ्या सायकलीवर ३८.५ व्होल्ट दिसत होते. चढाच्या मध्यावर १४ अँपिअर ओढले जात असताना आकडा ३१.८ वर आला, आणि थोड्याच वेळात कंट्रोलरने व्होल्ट कमी झाले म्हणून मोटर बंद केली. फरक ६.७ व्होल्टचा. त्याला १४ ने गुणा, ९४ वॉट येतात. एवढी ऊर्जा चाकापर्यंत पोचतच नव्हती, बॅटरीच्या पोटातच उष्णता होऊन जात होती. खाली आल्यावर बॅटरीच्या डब्यावर हात ठेवला तर तो चांगलाच गरम लागला. तीन वर्षं रोज वापरलेले, थकलेले सेल होते ते. त्यांच्यावर हजार वॉटची मोटर लादली असती तर चढ सोडा, सपाटीवरही ती बॅटरी टिकली नसती.

आता थोडं गणित चढाचंही करा, कारण अपेक्षा किती ठेवायच्या ते त्यातूनच कळतं. माणूस ७५ किलो, सायकल २५ किलो, मिळून १०० किलो. शंभर मीटरला आठ मीटर चढणारा रस्ता ताशी १५ किलोमीटरने चढायचा, तर नुसतं वजन वर न्यायला ३२७ वॉट लागतात, वारा आणि टायरचं घर्षण वेगळं. तोच चढ ताशी १० ने चढला तर २१८ वॉट पुरतात. तुमच्या पायांनी त्यात १०० वॉट घातले की २५० वॉटची मोटरही तो चढ व्यवस्थित चढते, बॅटरी धडधाकट असेल तर.

तिसरं काम कायद्याचं. हे टाळू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या व्याख्येप्रमाणे मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, ब्रेक आणि रिफ्लेक्टर असतील, तरच ते वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. त्यापुढे गेलात की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागू होतं, आणि घरी बदललेल्या सायकलीला यातलं काहीच नसतं. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा बेकायदा बदल केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीमही काढली होती. मला दंडापेक्षा विम्याची काळजी जास्त वाटते. तुमच्या सायकलीने रस्त्यावर कुणाला धक्का लागला आणि ती विना-नोंदणी मोटार वाहन ठरली, तर नुकसानभरपाई तुमच्या घरातून जाते. म्हणून मी भाच्याला दोन वेगळ्या याद्या करून दिल्या. रस्त्यावर चालवायची सायकल २५० वॉट आणि २५ च्या आतच राहील, तिची बॅटरी आणि टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, सुधारायचा. जास्त वॉटची मोटर फक्त स्वतःच्या शेतात, स्वतःच्या आवारात.

आता बॅटरी. इथे वेळ आणि पैसा दोन्ही सढळ हाताने घाला. ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी म्हणजे दहा सेल एकापुढे एक. पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट. ४८ व्होल्टची म्हणजे तेरा सेल, भरल्यावर ५४.६. हे आकडे पाठ करा, चार्जर आणि कंट्रोलर घेताना लागतील. किती एएच हे विचारण्याआधी विचारा की सेल कुठले, नवे की जुन्या पॅकमधून काढलेले, आणि शेजारी-शेजारी किती जोडलेत. २.६ एएचचे पाच सेल शेजारी जोडले की १३ एएच होतात आणि २० अँपिअर ओढले तरी प्रत्येक सेलवर चारच अँपिअर येतात. तीनच सेल शेजारी असतील तर प्रत्येकावर पावणेसात पडतात, तो लवकर तापतो आणि लवकर म्हातारा होतो. बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं सेल सांभाळणारं सर्किट, किती अँपिअरचा आहे तेही लिहून घ्या. कंट्रोलर जितके ओढतो त्यापेक्षा तो वरचा हवा, नाहीतर ऐन चढावर तोच वीज तोडेल.

मी स्वतः एकदा १५ एएच लिहिलेली बॅटरी एका दुकानातून घेतली होती. वॉटमीटर लावून पूर्ण भरल्यापासून कट होईपर्यंत चालवली तर ९ एएच निघाली. उघडून बघितलं तेव्हा सेलवर जुन्या वेल्डिंगचे डाग होते, वरून नवं निळं प्लास्टिक चढवलेलं. तेव्हापासून मी घेतानाच सांगतो: पहिल्या आठवड्यात मोजणार, कमी निघाली तर परत करणार. बिलावर तसं लिहून घेतो. जो दुकानदार लिहून देत नाही त्याच्याकडून घेत नाही.

लिथियम फेरो-फॉस्फेट, म्हणजे बाजारात ज्याला एलएफपी म्हणतात, ते वजनाला जास्त आणि आकाराने मोठं. पण उष्णतेला ते पुष्कळ जास्त सहनशील आहे, त्यामुळे आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात मला तेच बरं वाटतं. ३६ व्होल्टसाठी त्याचे बारा सेल लागतात आणि भरल्यावर ४३.८ व्होल्ट होतात. कॅरियरवर किंवा फ्रेमच्या त्रिकोणात जागा असेल तर तेच घ्या. भाच्याच्या फ्रेममध्ये जागा नव्हती म्हणून लिथियम-आयन घेतलं, १३ एएच, ४६८ वॉट-तास. त्याच चढावर पुन्हा मीटर लावला. ३८.५ वरून आकडा ३६.६ च्या खाली गेला नाही. मोटर तीच होती, आणि भाचा वर पोचला.

चार्जर बॅटरीबरोबरच, तिच्याच रसायनाचा आणि तिच्याच व्होल्टचा घ्या. एलएफपीच्या सोळा सेलचा ५८.४ व्होल्टचा चार्जर तेरा सेलच्या लिथियम-आयनला लावला तर प्रत्येक सेल जवळजवळ ४.५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. मर्यादा ४.२ ची आहे. मधे फक्त बीएमएस उभा असतो, आणि तो बिघडला तर कुणीच नसतं. प्लग सारखा दिसतो म्हणून घरातला दुसऱ्या गाडीचा चार्जर कधीही लावू नका. जुना चार्जर कपाटात ठेवू नका, देऊन टाका किंवा त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

चार्जिंगची जागा आत्ताच ठरवा. मार्च २०२२ मध्ये लोहगावला एक इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्यावर उभी असताना पेटली, तो व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. आपली बॅटरी मात्र आपण बहुधा घराच्या दारातच चार्जिंगला लावतो, चपलांच्या स्टँडशेजारी किंवा जिन्याखाली. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. बाल्कनीत सावलीत, पडद्यापासून लांब, फरशीवर लावा. चढ चढून आल्यावर अर्धा-पाऊण तास थांबू द्या आणि मग लावा. झोपताना लावू नका. आगीच्या सिलिंडरमधल्या पावडरीने ज्वाळ विझते, पण सेलच्या आतली उष्णता जात नाही, आग पुन्हा भडकते. म्हणून धूर दिसला तर मेन स्विच बंद करायचा, माणसं बाहेर काढायची आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, आजीसकट.

कंट्रोलरबद्दल एकच गोष्ट, पण मोलाची. ४८ व्होल्टवर जायचं ठरवलंच असेल तर जुना ३६ चा कंट्रोलर उघडून आतल्या उभ्या, गोल कपॅसिटरवर छापलेला आकडा वाचा. ५० व्होल्ट असेल तर ५४.६ ची बॅटरी त्याला लावायची नाही. ६३ असेल तरी बाकीचे भाग आणि डिस्प्ले ४८ चालवतात का ते विचारल्याशिवाय नाही. आणि व्होल्ट वाढवले की मोटर त्याच प्रमाणात जोरात फिरते. ३६ वर २५ जाणारी सायकल ४८ वर ३३ जाते. डिस्प्लेमध्ये वेगमर्यादा लावता येत नसेल तर रस्त्यावरच्या सायकलीला हा मार्ग बंद आहे.

फ्यूज बॅटरीला चिकटून हवा, वायरच्या दुसऱ्या टोकाला नाही. गाडीच्या दुकानात मिळणारे साधे पात्यांचे फ्यूज ३२ व्होल्टसाठी असतात. ४२ किंवा ५४ व्होल्टला ते वितळले तरी आत ठिणगी चालू राहू शकते. ५८ व्होल्ट किंवा त्यावरचा डीसी फ्यूज मागून घ्या. १५ अँपिअरच्या कंट्रोलरला २० चा पुरतो.

आता सायकल स्वतः. माझा सगळ्यात वाईट अनुभव इथला आहे. सासवडजवळ भावाच्या शेतावर बांधावरून खत-पाणी न्यायला मी एक सायकल केली होती, ४८ व्होल्ट, ५०० वॉट, मागच्या चाकात. टॉर्क आर्म, म्हणजे चाकाचा ॲक्सल (मधला दांडा) फिरू नये म्हणून त्याला फ्रेमशी अडकवणारी पट्टी, लावला नव्हता, नट घट्ट आवळलेत म्हणून निश्चिंत होतो. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा तिचा ॲक्सल तेवढ्याच जोराने उलटा फिरायला बघतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमची खाच त्या जोराने हळूहळू रुंदावत गेली, आणि एका दिवशी ॲक्सल गर्रकन फिरला. त्याच्या पोकळीतून बाहेर येणाऱ्या वायरी पिळून तुटल्या, तीन जाड वायरी एकमेकींना लागल्या, कंट्रोलर जळला आणि चाक जागेवर अडकलं. भाऊ मऊ मातीत पडला म्हणून वाचला. तेव्हापासून २५० वॉटलाही मी लोखंडी टॉर्क आर्म लावतो. पुढच्या चाकात ताकदीची मोटर शॉकअपच्या ॲल्युमिनियम चिमट्यावर बसवायची नाही, याला माझ्याकडे अपवाद नाही. तिथे खाच उघडली तर माणूस तोंडावर पडतो.

ब्रेकचं गणित वेगाच्या वर्गाने वाढतं. २५ ऐवजी ३५ ने जाताना थांबायला जवळजवळ दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. रबराचे ब्रेक असतील तर डिस्क बसते का ते बघा, निदान नवी रबरं आणि नव्या केबल घाला. मोटर बंद करणाऱ्या स्विचचे ब्रेक-लिव्हर दोन्ही बाजूंना हवेत. चाकाच्या तारा ठोकून बघा, सैल असतील तर आधी आउट काढून घ्या.

एवढं झाल्यावर मोटर. रस्त्यासाठी २५० वॉटचीच, पण आत गिअर असलेली आणि कमी आरपीएमची मागा. चढाला टॉर्क लागतो, वॉटचा मोठा आकडा नाही. आतले पांढरे नायलॉनचे गिअर झिजतात, तेव्हा सुटे मिळतात का ते आधीच विचारा. शेतासाठी मोठी घेत असाल तर लक्षात ठेवा, करंट दुप्पट झाला की मोटरच्या आतल्या तांब्याच्या तारेतली उष्णता चौपट होते. चढावर कासवगतीने पूर्ण थ्रॉटल (हँडलवरचा वेग वाढवायचा कान) धरून ठेवणं मोटरला सगळ्यात जास्त जाळतं.

बसवायचा दिवस पावसाळ्याबाहेरचा निवडा. १८ चा पाना, मल्टिमीटर, झिप टाय आणि वायरींवर चढवायच्या आकसणाऱ्या नळ्या हाताशी ठेवा. तीन जाड वायरी, पिवळी, हिरवी, निळी, आणि हॉल सेन्सरच्या (चाक कुठल्या स्थितीत आहे ते कंट्रोलरला कळवणाऱ्या) पाच बारीक वायरी जोडण्याआधी फोटो काढा, कारण वेगळ्या कंपनीचा कंट्रोलर असेल तर रंगाला रंग जुळेलच असं नाही. चाक वर उचलून, थ्रॉटल अगदी हलका देऊन बघा. मोकळं चाक वॉटमीटरवर एखाद-दीड अँपिअरमध्ये गुळगुळीत फिरायला हवं. धक्के देत असेल, घरघरत असेल, तर लगेच सोडा, जोडणी चुकलीय. ॲक्सलमधून येणारी वायर आधी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जातं, मोटरमध्ये शिरत नाही.

पहिले पन्नास किलोमीटर घराजवळच, एकट्याने, हेल्मेट घालून. ते झाल्यावर ॲक्सलचे नट, टॉर्क आर्मचा स्क्रू आणि चाकाच्या तारा पुन्हा एकदा आवळा. भाच्याच्या सायकलीचे दोन्ही नट तेव्हा पाव फेरा सैल निघाले.