फोटोतली प्रत्येक कलाश्निकोव्ह 'एके-४७' नसते: ओळखायची कशी

मी फोटोओळी लिहितो. युद्धाचा फोटो आला की आधी बंदूक बघतो. एकदा झेक बनावटीच्या व्हीझेड-५८ खाली बिनधास्त 'एके-४७' लिहून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी एका माजी सैनिकाचा फोन. "उजव्या बाजूचा लांबडा खटका कुठे दिसला हो तुम्हाला?"

तेव्हापासून सुरुवात तिथूनच. कलाश्निकोव्हच्या उजव्या अंगाला पत्र्याची लांब पट्टी असते. वर केली की बंदूक बंद, मधे स्वयंचलित, खाली एकेक गोळी. व्हीझेड-५८ ला तिथे इवलासा खटका असतो. चेहरामोहरा तसाच, पण आतली यंत्रणा वेगळी आणि मॅगझिनही (गोळ्या भरायची पेटी) एकमेकींना बसत नाहीत. फोटो जवळचा असेल तर पट्टीशेजारची अक्षरं वाचा, स्वयंचलित आणि एकेक गोळीच्या त्या खुणा. चिनी बंदुकीवर बहुधा 'एल' आणि 'डी', पूर्व जर्मन 'डी' आणि 'ई', युगोस्लाव्ह 'आर' आणि 'जे'. हंगेरीवाले अनंताचं चिन्ह आणि एकचा आकडा कोरतात, मला ते फार आवडतं.

मग मॅगझिनच्या वरची जागा. लांबट, उथळ, चौकोनी खाच दिसली तर ढाचा (यंत्रणा धरणारा मधला सांगाडा) पोलादी ठोकळ्यातून कोरलेला, म्हणजे १९५० च्या दशकातली एके किंवा तिची नक्कल. फक्त छोटा लंबगोल खळगा आणि रिव्हेटची डोकी असतील, वरच्या झाकणावर आडव्या शिरा असतील, तर ती १९५९ ची एकेएम, म्हणजे एकेची सुधारित आवृत्ती, किंवा तिच्या घराण्यातली. हिचा ढाचा एक मिलिमीटर पत्र्याचा.

नळीचं टोक बोरूसारखं तिरपं छाटलेलं असेल तर एकेएमच्या बाजूने आणखी एक पुरावा. टोकाला जाडजूड नळकांडं असेल तर एके-७४ समजा. तिचं मॅगझिनही कमी वाकलेलं असतं, कारण एके-एकेएमचं ७.६२ मिलिमीटरचं आखूड काडतूस पुढे निमुळतं होत जातं, एकावर एक रचलं की केळ्यासारखा बाक येतो. एके-७४ चं ५.४५ मिलिमीटरचं त्या मानाने सरळ. नेम धरायच्या पुढच्या खुंटीभोवती पूर्ण कडं असेल तर बहुधा टाइप ५६ ही चिनी नक्कल, सोव्हिएत बंदुकीवर ते वरून उघडं असतं. चिनीच्या नळीखाली दुमडलेली टोकदार संगीन दिसली तर प्रश्नच मिटला.

नळीजवळ हात धरायच्या लाकडात दोनऐवजी तीन फटी, तर युगोस्लाव्ह एम-७०. त्याच लाकडातून खाली मूठ निघालेली, तर रोमानियन. भोकं पाडलेला पत्रा आणि पुढे मूठ, तर हंगेरीची एएमडी-६५.

मशिनगनपाशी मी तोंडावर पडलो आहे. गोळ्यांचा पट्टा नेहमीसारखा डावीकडून नाही, उजवीकडून आत जाताना दिसला, म्हणून 'फोटो उलटा आलाय' असा शेरा मारून परत पाठवला. पीकेएम ही सोव्हिएत मशिनगन होती ती! तिचा पट्टा उजवीकडूनच जातो आणि रिकामी टरफलं डावीकडे पडतात. दस्त्यात मोठी पोकळी असते, त्यावरूनही कळते. आरपीके ही हलकी मशिनगन मात्र सोपी. लांब नळीची, दोन पायांवर टेकलेली कलाश्निकोव्हच, पट्टा नाही.

आता सगळ्यात फसवी जोडी. अंगठ्यासाठी भोक असलेला दस्ता आणि दुर्बीण दिसली की सगळे 'ड्रॅगुनोव्ह' लिहितात, म्हणजे एसव्हीडी ही सोव्हिएत स्नायपर रायफल. मॅगझिनकडे बघा. १९६३ च्या खऱ्या एसव्हीडीवर वॉफलसारखी उभी-आडवी नक्षी असते. मोठी फुली दाबलेली असेल तर ती रोमानियन पीएसएल, आतून मोठी केलेली कलाश्निकोव्ह. आणि मॅगझिनवर खजुराचं झाड उठवलेलं दिसलं, तर बंदूक इराकची, अल-कादिसिया. धुरकट फोटोतही ते झाड मी शोधतोच.