दोन मुलं, चार बॅगा, हात दोनच

नवरा पुढे गेलाय, व्हिसा हातात आलाय आणि आता मुलांना घेऊन एकटीनं जर्मनीला यायचंय, असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. कधी एखाद्या बाबाचाही येतो. प्रश्न ठरलेला: "बॅगेत काय काय भरू?" मी आधी विचारते, "हात किती आहेत?"

नऊ वर्षांपूर्वी मी मुंबईहून निघाले तेव्हा थोरली ४ वर्षांची होती आणि धाकटा १४ महिन्यांचा. दोन मोठ्या बॅगा घरच्या काट्यावर बरोबर २३-२३ किलोच्या बसवल्या होत्या, त्याचा कोण अभिमान! शिवाय चाकांच्या दोन छोट्या बॅगा. विमानतळाच्या दारात सासरे टाटा करून थांबले आणि धाकट्याला कडेवर घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की ट्रॉली ढकलायला एकच हात उरलाय आणि तो थोरलीनं धरलाय.

तेव्हा चेक-इननंतर तुमच्याजवळ फक्त तीन गोष्टी हव्यात: पाठीवर सॅक, गळ्यात कागदपत्रांचा चपटा पाऊच आणि छातीशी बाळाचं कॅरिअर. चाकांची केबिन बॅग नकोच. ती ओढायला हात लागतो. बग्गी न्या, पण एका हातानं मिटते का हे घरी करून बघा. सिक्युरिटीला बाळाला कॅरिअरमधून बाहेर काढायला सांगतात आणि बग्गीही मिटून यंत्रातून जाते, म्हणजे बाळ एका हातावर आणि बाकी सगळं दुसऱ्या हातानं. बग्गी विमानाच्या दारात दिली तरी उतरल्यावर दारातच मिळेल असं धरून चालू नका. बऱ्याचदा ती थेट सामानाच्या पट्ट्यापाशी येते आणि तोवरची लांबलचक चाल कॅरिअरवरच निभवावी लागते.

मोठ्या मुलाला एक नियम आठ दिवस आधीपासून शिकवा: आईचे हात गुंतलेले असले की बग्गीचा दांडा हाच आईचा हात. आम्ही भाजी आणायला जाताना याची तालीम केली होती. मनगटावर फोन नंबर पेनानं लिहिला, वर पारदर्शक चिकटपट्टी लावली.

आता कागद. मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, सगळं मूळ प्रतीत आणि गळ्यातल्या पाऊचमध्ये. मोठ्या बॅगेत एकही नाही. दुसरा पालक सोबत नसेल तर त्याचं सही केलेलं संमतीपत्र आणि त्याच्या पासपोर्टची प्रत ठेवा. घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा न्यायालयीन आदेश ठेवा. कुणी विचारेलच असं नाही, पण विचारलं तर रात्री अडीचला कुणाला फोन करणार? लसीच्या कार्डाकडे मात्र नीट बघा. आपल्याकडचं ते घडीचं कार्ड, त्यावर डॉक्टरांचा पुसट शिक्का आणि तारीख त्यांच्या खास अक्षरात! जर्मनीत मार्च २०२० पासून पाळणाघर आणि शाळेसाठी गोवरची लस कायद्यानं सक्तीची आहे: वर्षाच्या मुलाला किमान एक डोस, दोन वर्षं पूर्ण झाल्यावर दोन. आपल्या सरकारी वेळापत्रकात एमआरचे, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीचे, डोस ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांत येतात. निघण्याआधी डॉक्टरांकडून तारखा इंग्रजीत, वाचता येतील अशा लिहून घ्या.

मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख आणि पहाटे एक लिहिलं असेल तर घरातून ११ ला रात्री निघायचं. हसू नका, माझ्या ओळखीत एक कुटुंब चुकलंय.

विमानातली जी गोष्ट कुणी सांगत नाही ती अशी: तुम्हाला बाथरूमला जायचं असेल तर? दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर, शेजारी चार वर्षांची, आणि प्रवास साधारण नऊ तासांचा. पाणी न पिता बसणं हा उपाय नाही, डोकं धरतं. मी बसल्या बसल्या शेजारच्या काकूंशी ओळख काढली, तीही अगदी ठरवून. जेवणाचे ट्रे यायच्या आधी उठायचं. एकदा ट्रे पुढ्यात आला की मांडीवरच्या बाळासकट तुम्ही अडकलात. थोरलीला काकूंच्या नजरेखाली ठेवलं आणि धाकट्याला कॅरिअरमध्ये बांधूनच आत गेले. कसरत होते, पण होते. बाळाला बदलायची घडीची फळी सहसा भिंतीला असते. जेवणाचं म्हणाल तर हवाईसुंदरीला आधीच सांगा, "माझा ट्रे नंतर द्या." ठेवतात. बाळाचा पाळणा हवा असेल तर बुकिंग करतानाच मागा, ते मोजकेच असतात. आणि पट्ट्याचा दिवा लागला की झोपलेल्या बाळालाही उचलून मांडीवर घ्यावं लागतं, याची मनाची तयारी ठेवा. मुलांचे तीन-तीन जोड मी घेतले होते, स्वतःसाठी साधा कुर्ताही नाही. उतरायला अर्धा तास असताना धाकट्यानं नाचणीचं सत्त्व सगळं माझ्या अंगावर काढलं. पासपोर्टच्या रांगेत मी ओढणी गुंडाळून उभी होते आणि वास लपत नव्हता.

खाऊचं सांगते. वाटेसाठी दशम्या उत्तम, पण विमान उतरायच्या आत संपवा. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, त्यामुळे तूप, खवा, पेढे नाहीत. बाळाची दूध पावडर चालते: २ किलोपर्यंत, कंपनीच्या डब्यात, फ्रीज न लागणारी. हापूस आणि कढीपत्ता आजीला प्रेमानं नाही म्हणा. मेतकूट, भाजणी, नाचणीचं पीठ, गोडा मसाला भरा. पहिल्या आठवड्यात मुलांना इथलं काही रुचत नाही, तेव्हा मेतकूट-भातावरच दिवस निघतात.

डायपरचे गठ्ठे आणू नका, इथे कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतात. फक्त दीड दिवसाचे जवळ ठेवा, कारण रविवारी दुकानं बंद असतात. मोठी रेल्वे स्टेशनं आणि विमानतळ यांच्यावरची तेवढी उघडी. मुंबईत घेतलेली गरम कपड्यांची थैलीही नको. इथे मुलांना चिखलात लोळायची रबरी विजार लागते, तिला माचहोजं म्हणतात, आणि ती मुलांच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात नगण्य किमतीत मिळते.

तापाचं औषध आणि थर्मामीटर सॅकमध्ये. इथले बालरोगतज्ज्ञ अँटिबायोटिक चटकन देत नाहीत आणि तापाला गुदद्वारात ठेवायची गोळी देतात, दचकू नका. रात्री-अपरात्री डॉक्टरसाठी ११६११७, जिवावर बेतलं तर ११२.

विमानतळावरून घरी कारनं जाणार असाल तर बाळाची सीट लागतेच. १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी तसा नियमच आहे, म्हणून टॅक्सी सांगतानाच मागा. रेल्वेत ६ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. लांबच्या गाड्यांत लहान मुलांसाठी वेगळा कप्पा असतो, त्याचं आरक्षण करा. पण मधल्या स्टेशनवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. लोक आपणहून पुढे येत नाहीत, त्याचा राग मानू नका. "क्योनेन झी मीअर हेल्फन?" म्हणजे "मला मदत कराल का?", एवढं पाठ करून या. म्हटलंत की समोरचा माणूस एक शब्द न बोलता बग्गीची पुढची बाजू उचलतो, फलाटावर ठेवतो आणि निघून जातो.

पहिला आठवडा मुलं पहाटे तीनला टक्क जागी असतात. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक आहे. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ, खाली राहणारे दार वाजवतात. मऊ खेळणी आणा, चाकांची गाडी नको.

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. मुलांचीही, मूळ दाखल्यांसह. पाळणाघरासाठी मात्र इथे यायची वाट बघू नका. वर्षाच्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, जागा मात्र अपुऱ्या आहेत. नवऱ्याला आजच फोन करा आणि यादीत नाव घालायला सांगा.