खगोल मंडळाची कार्यकारिणी कशी निवडावी: उमेदवारांसाठी आणि मतदारांसाठी

लहान हौशी खगोल मंडळांत निवडणूक या शब्दाचा अनेकदा एवढाच अर्थ उरतो की वार्षिक सभेत कोणीतरी जुन्याच अध्यक्षांचे नाव सुचवावे, टाळ्या पडाव्यात आणि चहा यावा. या पद्धतीत कटुता येत नाही हे खरे. परंतु वर्षभर पत्रे कोणी लिहायची, दुर्बीण कोणाच्या घरी ठेवायची आणि अमावास्येच्या शनिवारी वाहन कोणी ठरवायचे, हे प्रश्न तसेच राहतात आणि सगळी कामे शेवटी ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मंडळांनी पदे मानासाठी न भरता कामासाठी भरावीत, आणि उमेदवारानेही आपण कोण आहोत यापेक्षा येत्या हंगामात काय करणार आहोत हे सांगून मते मागावीत, या भूमिकेतून पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

आधी कामे लिहावीत, मग पदे

कार्यकारिणीने अर्ज मागवण्यापूर्वी मागील वर्षी प्रत्यक्ष कोणती कामे करावी लागली याची यादी करावी आणि ती पदांत वाटावी. अध्यक्षाने सभा चालवायची, शाळा-महाविद्यालयांशी आणि आकाशदर्शनाची जागा जंगलालगत असल्यास वन खात्याशी बोलायचे, आणि ग्रहणाच्या आदल्या दिवशी पत्रकारांनी विचारलेल्या ‘जेवावे की नाही’ छापाच्या प्रश्नांना न चिडता उत्तर द्यायचे. खजिनदाराचे काम सर्वांना माहीत असते. सर्वांत जास्त काम सचिवाचे असते आणि तरीही त्या पदासाठी सर्वांत कमी उमेदवार पुढे येतात. म्हणून इतिवृत्त, पत्रव्यवहार, सभासद नोंदणी आणि सरकारी कागद यांपैकी किमान एक काम सहसचिवाकडे द्यावे.

याशिवाय दोन पदे खगोल मंडळाला इतर संस्थांपेक्षा वेगळी लागतात. निरीक्षणप्रमुखाने रात्रीच्या कार्यक्रमांचे नियोजन करावे आणि साधनप्रमुखाने दुर्बिणी, आयपीस (डोळ्याजवळ लावायचे भिंग), माउंट (दुर्बीण ज्यावर बसवतात तो आधार) आणि इतर साहित्य सांभाळावे. ही दोन्ही कामे एकाच उत्साही माणसाकडे देण्याचा मोह टाळावा, कारण दुर्बीण वापरणारा आणि तिचा हिशेब ठेवणारा वेगवेगळे असले, की आयपीस कोणाकडे राहिला याचा शोध लवकर लागतो.

देणगीदार किंवा स्थानिक पुढारी यांना अध्यक्षपद देण्याची प्रथा आपल्याकडे रुळलेली आहे. त्यांचा मान ठेवायचा असेल तर घटनेत आश्रयदात्याचे पद ठेवावे. अध्यक्ष मात्र रात्री मैदानावर उभा राहणाराच असावा.

घटना सीमेच्या अलीकडची आहे ना, हे पाहावे

येथील अनेक मराठी संस्थांची घटना कोल्हापूर किंवा पुण्याच्या एखाद्या संस्थेची प्रत समोर ठेवून लिहिली जाते. ते स्वाभाविकही आहे, कारण पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारखी १९४४ पासून काम करणारी संस्था जवळ असताना अनुकरण तिचेच होणार. मात्र कायदा वेगळा आहे. महाराष्ट्रातील अशी संस्था साधारणपणे १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असते, आणि कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज धर्मादाय उपायुक्तांच्या किंवा सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जातो. कर्नाटकात संस्थेची नोंदणी कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम, १९६० याखाली होते, त्यासाठी किमान सात सभासद लागतात आणि नव्या कार्यकारिणीची यादी व तपासलेले हिशेब संस्था निबंधकाकडे सादर करावे लागतात. म्हणून घटनेत ‘धर्मादाय आयुक्त’ हे शब्द सापडले, तर निवडणुकीआधीच्या सभेत ते कलम दुरुस्त करण्याची तयारी करावी आणि एखाद्या स्थानिक वकिलाकडून किंवा लेखापरीक्षकाकडून मजकूर तपासून घ्यावा.

निबंधक कार्यालयाचा व्यवहार कन्नडमध्ये चालतो. त्यामुळे सचिव किंवा सहसचिव यांपैकी एकाला कन्नड सफाईने वाचता-लिहिता यावे, ही अट व्यवहाराची आहे आणि ती पदाच्या वर्णनातच लिहावी. सूचना, उमेदवारी अर्ज आणि मतपत्रिका मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत छापाव्यात. मंडळात दोन्ही भाषा बोलणारे सभासद असताना ‘आपले पॅनेल’ आणि ‘त्यांचे पॅनेल’ अशी फाटाफूट होऊ नये, यासाठी पॅनेलच्या नावाने प्रचार करण्यास निवडणूक नियमांतच मनाई करावी आणि प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्रपणे उभे राहू द्यावे.

तारीख पावसाळ्यातली निवडावी

आपल्या भागात जून ते सप्टेंबर आकाश जवळजवळ बंद असते, म्हणून निवडणुकीला हाच काळ योग्य ठरतो. मार्चअखेर हिशेब बंद होतात आणि पुढील दोन-तीन महिन्यांत ते तपासून होतात. जुलैमध्ये खानापूर भागातील सभासद भाताच्या लावणीत असतात आणि काही जण आषाढी वारीला गेलेले असतात. लावणी आटोपल्यानंतरचा आणि गणेशोत्सवापूर्वीचा एखादा रविवार धरला, तर उपस्थिती चांगली मिळते आणि नव्या कार्यकारिणीला ऑक्टोबरच्या आकाशापूर्वी तयारीला महिना-दीड महिना राहतो. गणेशोत्सव जवळ आला की बेळगावात सभागृह आणि माणसे दोन्ही मिळत नाहीत.

सभेच्या किमान एकवीस दिवस आधी सूचना काढावी. घटनेत याहून मोठी मुदत असेल तर ती पाळावी. त्याच वेळी मतदारयादी प्रसिद्ध करावी. वर्गणी थकलेल्या सभासदांना ती भरण्यासाठी एक निश्चित तारीख द्यावी आणि त्या तारखेनंतर कोणाचीही गय करू नये, कारण सभेच्या दारात वर्गणी स्वीकारली की मतदारयादीवरचे वाद तिथेच सुरू होतात. शाळकरी सभासद हे मंडळाचे बळ असते, पण अठरा वर्षांखालील सभासदांना मताचा अधिकार न देता त्यांचा एक प्रतिनिधी कार्यकारिणीच्या बैठकांना निमंत्रित म्हणून बोलवावा.

निवडणूक अधिकारी स्वतः उमेदवार नसलेला आणि शक्यतो मंडळाबाहेरचा असावा. एखादे निवृत्त मुख्याध्यापक किंवा ग्रंथपाल हे काम आनंदाने करतात. अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक यांच्या सह्या घ्याव्यात, ठरलेल्या दिवशी छाननी करावी, माघारीसाठी दोन दिवस द्यावेत आणि अंतिम यादी सर्वांना एकाच वेळी कळवावी.

उमेदवाराचे निवेदन

सगळ्या प्रक्रियेत सर्वाधिक वेळ या एका पानावर खर्च करावा. ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही १८९०ची संस्था किंवा रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षणासाठी १९११ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतील संघटना, अशा जुन्या संस्था हौशी निरीक्षकांच्या बळावर इतकी वर्षे चालल्या, कारण त्यांच्याकडे ठरावीक मुदतीने नवी माणसे जबाबदारी घेत राहिली. नवख्या उमेदवाराला ओळखण्याचे साधन मतदाराच्या हाती असावे लागते, आणि लहान मंडळात ते साधन म्हणजे हे निवेदन.

निवेदन तीनशे शब्दांपेक्षा मोठे नसावे. त्यात शिक्षण, पुरस्कार आणि इतर संस्थांतील पदे यांना एक वाक्य पुरे. त्यानंतर उमेदवाराने तीन गोष्टी सांगाव्यात: मागील हंगामात त्याने मंडळासाठी काय केले, येत्या हंगामात काय करणार, आणि त्यासाठी महिन्यातून किती रात्री व किती संध्याकाळी देऊ शकतो. तिसरे उत्तर अनेकांना अवघड वाटते. बँकेत किंवा कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्याने ‘महिन्यातून एकच रात्र’ असे लिहिले, तर तो दोष मानू नये. सर्व रात्री देण्याचे आश्वासन देणाऱ्यापेक्षा तो अधिक विश्वासार्ह आहे.

निरीक्षणप्रमुखपदाच्या उमेदवाराकडून विषयाचे ज्ञानही दिसावे. ‘अधिकाधिक आकाशदर्शन कार्यक्रम घेऊ’ या वाक्यातून काहीच कळत नाही. उलट ‘मार्चच्या अमावास्येजवळच्या शनिवारी मेसिए या फ्रेंच खगोलज्ञाच्या यादीतील ११० तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका अशा वस्तूंपैकी जास्तीत जास्त वस्तू एका रात्रीत पाहण्याचा प्रयत्न करू, आणि डिसेंबरात १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतील उल्कावर्षावाची मोजणी करू’ असे लिहिणाऱ्याला प्रश्न विचारता येतात. जागेबद्दलही असेच आहे. बेळगाव साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने नरतुरंग मंडलातील ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ येथून क्षितिजावर सुमारे २६ अंशांपर्यंत चढतो, आणि त्रिशंकूही जेमतेम १४ अंशांवर का होईना, पण दिसतो. पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याला दक्षिणेचे आकाश थोडे अधिक मिळते. ते पाहायचे तर शहराचा उजेड दक्षिणेला येणार नाही अशी जागा हवी. काकतीकडे, म्हणजे शहराच्या उत्तरेस गेल्यास बेळगावच्या दिव्यांची आभा नेमकी दक्षिण क्षितिजावर पसरते. जांबोटीच्या बाजूला ती मागे, ईशान्येकडे राहते. ज्या उमेदवाराच्या निवेदनात हा विचार आहे त्याने रात्री बाहेर काढल्या आहेत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

निवेदनासोबत निरीक्षणवहीचे एखादे पान जोडण्याची मुभा द्यावी. तारीख, वेळ, जागा, आकाशाची स्थिती आणि दुर्बिणीचे वर्णन नियमितपणे लिहिणारा माणूस मंडळाच्या नोंदीही तशाच ठेवण्याची शक्यता जास्त असते.

साधनप्रमुखाच्या उमेदवाराने दुर्बिणी पावसाळ्यात कुठे आणि कशा ठेवणार हे लिहावे. आपल्या दमट हवेत बंद कपाटातील भिंगांवर आणि आरशांवर बुरशी धरते. ओलावा शोषणारे सिलिका जेल बदलण्याचे वेळापत्रक ही या पदाच्या उमेदवाराकडून अपेक्षित असलेली अगदी साधी गोष्ट आहे. तो दुर्बिणींची विक्री किंवा दुरुस्ती व्यवसाय म्हणून करत असेल, तर तसे स्पष्ट नमूद करावे आणि निवडून आल्यास खरेदीच्या निर्णयातून बाजूला राहावे.

अध्यक्षपदाच्या उमेदवाराला एक ठोस प्रसंग द्यावा आणि त्यावर योजना मागावी. २ ऑगस्ट २०२७ रोजीचे सूर्यग्रहण आपल्याकडून खंडग्रास दिसणारे आहे, पण ते ऐन पावसाळ्यात येते. ढग असतील हे गृहीत धरून शाळांसाठी सभागृहातील कार्यक्रम, ढग हटल्यास सुरक्षित सौरगाळण्या आणि प्रतिमा पडद्यावर पाडण्याची सोय, असा दुहेरी विचार जो मांडतो, त्याला संघटन समजते.

रात्रीच्या कार्यक्रमांना महिला आणि विद्यार्थी यावेत असे सर्वच उमेदवार म्हणतात. परतीच्या वाहनाची, प्रसाधनाची आणि पालकांच्या संमतिपत्राची व्यवस्था कोण करणार, हे ज्याने लिहिले त्याचेच म्हणणे मोजावे.

सभेतील प्रश्न, मतदान आणि मोजणी

मतदानापूर्वी प्रत्येक उमेदवाराला तीन मिनिटे बोलू द्यावे आणि त्यानंतर प्रश्न घ्यावेत. प्रश्न लेखी घेतल्यास वैयक्तिक चिमटे कमी होतात. एखाद्या पदासाठी एकच अर्ज आला असेल तरी त्या उमेदवाराचे निवेदन आणि प्रश्नोत्तरे चुकवू नयेत. बिनविरोध निवड म्हणजे न विचारता निवड नव्हे.

मतदान गुप्त ठेवावे. हात वर करून मत घेतले की काका, सर आणि साहेब यांच्यासमोर तरुण सभासद मोकळेपणाने मत देत नाहीत. पदाधिकाऱ्यांसाठी एका पदाला एक खूण आणि कार्यकारिणी सदस्यांसाठी जितक्या जागा तितक्या खुणांपर्यंत, असा नियम मतपत्रिकेवरच छापावा. मोजणी सर्वांसमोर करावी, समान मते पडल्यास चिठ्ठी टाकावी आणि पडलेली मते इतिवृत्तात आकड्यांसह लिहावीत. गणपूर्ती न झाल्यास घटनेतील तहकूब सभेच्या कलमाप्रमाणे वागावे.

पराभूत उमेदवाराच्या निवेदनातील चांगली कल्पना नव्या कार्यकारिणीने त्याच्याच नावाने घ्यावी आणि ते काम करण्याबद्दल त्यालाच विचारावे. लहान मंडळात दहा-बारा माणसेच खरे काम करतात. त्यांतील एकही दुखावून गेला तर परवडत नाही.

सूत्रे हाती घेणे

निवडून आल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत जुन्या आणि नव्या पदाधिकाऱ्यांनी समोरासमोर बसून इतिवृत्ताची वही, सभासदयादी, पावतीपुस्तके, ईमेलचा पासवर्ड, नोंदणी प्रमाणपत्र आणि डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ साहित्याची नोंदवही) यांची देवघेव सहीनिशी करावी. बँकेतील सह्या बदलण्यासाठी ठरावाची प्रत आणि ओळखपत्रे लागतात व त्यात वेळ जातो, म्हणून तोपर्यंतचे खर्च कोणाच्या सहीने होतील हे त्याच ठरावात लिहावे. निबंधकाकडे यादी सादर करण्याची जबाबदारी मावळत्या सचिवाची की नव्या सचिवाची, हे घटनेत नसल्यास सभेतच ठरवावे आणि पोचपावती दप्तरी लावावी.

दुर्बिणींच्या बाबतीत केवळ नग मोजून सही करू नये. आरशाचा पृष्ठभाग आणि आयपीसची भिंगे टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहावीत, बुरशी किंवा ओरखडे असल्यास रजिस्टरात तसे लिहावे आणि मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. आरसे एका रेषेत आहेत की नाहीत याची खरी परीक्षा ताऱ्यावरच होते आणि ऑगस्टमध्ये तारा मिळेलच असे नाही. म्हणून स्वीकृतीच्या नोंदीत ‘तारापरीक्षा बाकी’ असा शेरा मारावा आणि पावसाळा संपल्यानंतरच्या पहिल्या निरभ्र रात्री जुन्या व नव्या साधनप्रमुखांनी मिळून ती परीक्षा करून त्या शेऱ्याखाली दोघांच्या सह्या कराव्यात.