जिम्नीच्या कंपनी रिमवर मोठे टायर : घासतात का, ते आधी कसं तपासायचं

मारुती जिम्नी कंपनीतून १९५/८० आर १५ मापाच्या टायरवर येते: १९५ मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंचांची. रिम साडेपाच इंच रुंद. झीटा मॉडेलला लोखंडी, अल्फा मॉडेलला अलॉय, माप मात्र तेच. गाडी दारात येऊन महिना होत नाही तोच कुणीतरी सांगतं, ‘२३५ टाक, बिनधास्त बसतात.’ टायर रिमवर चढतो हे खरं आहे. तो चिखलात, दगडांत, स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर आणि गाडीत चार माणसं बसल्यावर कुठे जातो, हे सांगणाऱ्याने बहुधा पाहिलेलं नसतं. मी २३५ बसवले होते आणि काढलेसुद्धा. म्हणून मापापासून सुरू करतो.

हिशेब साधा आहे. टायरच्या रुंदीला टक्केवारीने गुणायचं, त्याची दुप्पट करायची आणि त्यात रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवायचे. मूळ टायरची उंची ६९३ मिलिमीटर येते. २१५/७५ आर १५ ची साधारण ७०३, म्हणजे दीड टक्का जास्त. २३५/७५ आर १५ ची ७३३, म्हणजे जवळजवळ सहा टक्के जास्त. गाडी वर उचलली जाते ती या फरकाच्या निम्मीच, कारण आसाच्या खाली टायरचा अर्धाच भाग असतो. २१५ ने जेमतेम पाच मिलिमीटर मिळतात, २३५ ने वीस. ‘मोठे टायर टाकले की गाडी उंच होते’ यावर पैसे खर्च करणार असाल तर हे आकडे आधी पाहा.

दुसरी गोष्ट रिमची. २१५/७५ साठी टायर कंपन्या साडेपाच ते सात इंचांची रिम चालेल असं सांगतात. २३५/७५ ला कमीत कमी सहा इंच लागतात. साडेपाचावर तो चढतो, पण दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगतो. मग मधली नक्षी आधी झिजते आणि वेगात गाडी डोलते. माझं मत स्पष्ट आहे: कंपनीच्याच रिमवर राहायचं असेल तर २१५/७५ घ्या आणि तिथेच थांबा. २३५ हवे असतील तर आधी रिम बदला.

टायर घेताना लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नसावा. बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, ती वाचूनच पैसे द्या. आणि पाच टायर घ्या, चार नाही. जिम्नीच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या आसांमध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतो. स्टेपनी जुन्या मापाची ठेवली आणि ती लावून फोर-व्हीलमध्ये पक्क्या जमिनीवर गाडी चालवली, तर पुढचा आणि मागचा आस वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि सगळा ताण दोन्ही आसांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. रानात पंक्चर झालं की फोर-व्हील नेमकी तिथेच लागते.

टायर चढवणं, हवा भरणं, बॅलन्सिंग हे टायरवाल्याचं काम. अलॉय असेल तर चिकटवायची वजनं लावायला सांगा, एवढंच.

आता मुख्य गोष्ट. टायर घासतो की नाही हे बहुतेक लोक दुकानासमोरच्या सपाट फरशीवर तपासतात. स्टेअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, आवाज नाही, चला. मीही तेच केलं होतं. दुकानातल्या माणसाने वाकून पाहिलं, ‘भरपूर जागा आहे’ म्हणाला, आणि सपाट जमिनीवर ती खरंच होती. पुढच्याच रविवारी लोणावळ्याहून राजमाचीला जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, पावसाने खणलेल्या चाकोरीतून डावीकडे वळताना पुढच्या डाव्या चाकाखाली दगड आला. चाक वर गेलं आणि फळीवर करवत चालवावी तसा आवाज झाला. मागे घरची मंडळी बसलेली. मी गाडी मागे घेतली. मागे घेताना मडफ्लॅप टायर आणि दगडाच्या मध्ये सापडला आणि स्क्रूसकट उपटला गेला. फेंडरच्या आतलं प्लास्टिक फाटून लोंबत होतं, टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि बाजू यांच्यामधल्या कडेवर, खोल ओरखडे होते. ती वाट उतरून घरी येईपर्यंत प्रत्येक वळणावर माझं लक्ष त्या एका चाकाकडे होतं.

चूक तपासणीच्या पद्धतीत होती. जिम्नीला पुढे-मागे सलग आस आहे. एक चाक वर गेलं की दुसरं खाली जातं, आणि वर गेलेलं चाक आर्चमध्ये, म्हणजे चाकावरच्या कमानीत, सरळ जात नाही, तिरकं होऊन जातं. त्यात स्टेअरिंग वळवलेलं असेल तर टायरचा खांदा अशा जागी पोचतो जिथे सपाटीवर तो कधीच जात नाही. म्हणून तपासणी दोन्ही गोष्टी एकाच वेळी करून व्हायला हवी: स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं आणि सस्पेंशन पूर्ण दबलेलं.

मी वापरतो ती पद्धत अशी. त्याच मापाचे टायर लावलेली दोन चाकं ओळखीच्या जिम्नीवाल्याकडून तासाभरासाठी मागून घ्या. नवे टायर विकत घेऊन मग तपासलंत तर दुकानदार ते परत घेणार नाही. चाकं पुढे लावा आणि टू-व्हीलमध्येच सावकाश चालवा. गणपतीत उरलेली शाडू माती भिजवून घट्ट मळा आणि दोन बोटं जाडीचे गोळे चार ठिकाणी चिकटवा: बंपरच्या कोपऱ्यामागे आतल्या प्लास्टिकवर, चाकामागे मडफ्लॅपच्या वरच्या बाजूला, आर्चच्या मागच्या शिवणीवर, आणि आसाला धरून ठेवणाऱ्या लांब लोखंडी आर्मच्या टायरकडच्या अंगाला. हा चौथा गोळा लोक विसरतात. रुंद टायर बाहेर घासण्याआधी आत या आर्मला लागू शकतो, आणि तो आवाज गाडीत नीट ऐकूही येत नाही. माती लावण्याआधी जागा पुसून घ्या, नाहीतर ती पडते.

मग शेताचा बांध गाठा. गाडी तिरकी चढवा, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक वर येईल. बाहेर एक माणूस उभा ठेवा, त्याने हात दाखवला की थांबायचं. गाडी बांधावर असताना कुणीही तिच्याखाली डोकं घालायचं नाही, चाकांना दगड लावूनसुद्धा नाही. सस्पेंशन खरंच पूर्ण दबलं का, हे कळण्यासाठी बंप स्टॉपच्या (चाक पूर्ण वर गेल्यावर ज्याला आस टेकतो त्या) रबराला आधी खडू फासून ठेवा. खडू पुसला गेला नसेल तर चाक पूर्ण वर गेलेलंच नाही आणि तुमची तपासणी अर्धी आहे. अशा वेळी मागे माणसं बसवा किंवा जरा उंच बांध शोधा.

तिथे स्टेअरिंग डावीकडे टोकापर्यंत न्या, हातभर पुढे, हातभर मागे. मग उजवीकडे टोकापर्यंत, पुन्हा तसंच. मागे घेणं वगळू नका. पुढे जाताना नुसता चाटून जाणारा मडफ्लॅप मागे येताना टायरखाली ओढला जातो. मग गाडी वळवून पुढचं उजवं चाक वर घ्या आणि सगळं पुन्हा करा. एक बाजू ठीक म्हणून दुसरी ठीक असं धरू नका.

सपाटीवर आल्यावर मातीचे गोळे पाहा. जिथे ते चेपलेत तिथे टाचणी खुपसून उरलेली जाडी मोजा. प्लास्टिकजवळ दहा मिलिमीटर उरले तर मी समाधान मानतो. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर यांच्याजवळ पंधराच्या खाली काहीही मान्य करत नाही. कोकणातली लाल माती ओली झाली की टायरच्या खांद्यावर थर चढतो, हे अंतर त्या थरासाठी असतं. टायरचा प्रकारही लक्षात ठेवा. मड टायरच्या खांद्यावरचे ठोकळे बाहेर आलेले असतात. ऑल-टेरेन (सगळ्या रस्त्यांसाठीचे) टायर लावून केलेली तपासणी त्याच मापाच्या मड टायरला लागू होत नाही.

माझ्या गाडीत २१५ ने मातीला कुठेही स्पर्श केला नाही. २३५ ने तीन गोळे चेपले, त्यातला एक आर्मवरचा.

घासत असेल तर काय? मडफ्लॅप काढून थोडा मागे बसवा. आतलं प्लास्टिक हीट गनने मऊ करून आत दाबा, कापू नका, त्यामागे पाणी शिरतं. एवढ्याने भागलं तर ठीक. स्टेअरिंगचे स्टॉप बोल्ट बाहेर काढून वळण कमी करायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. पाच दारांच्या जिम्नीची टर्निंग रेडियस ५.७ मीटर आहे आणि घाटातल्या वळणावर तीच हवी असते. स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावून आर्मवरचं घासणं थांबतं, पण चाक बाहेर गेल्यामुळे ते मोठ्या वर्तुळात फिरतं आणि बंपरला लागतं.

लिफ्ट किटबद्दलचा, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग-शॉकच्या संचाबद्दलचा, गैरसमज तर सगळीकडे आहे. लिफ्टने उभ्या गाडीत अंतर वाढलेलं दिसतं. पण सस्पेंशन पूर्ण दबल्यावर चाक आधी जिथे जात होतं तिथेच जातं, बंप स्टॉप लांब केला नसेल तर. घासणं थांबवण्यासाठी लिफ्ट घेणाऱ्याला मी आधी हा खडूचा प्रयोग करायला सांगतो.

टायर कायमचे बसवताना नट ताऱ्याच्या आकारात, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळा. शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासा. अलाइनमेंटमध्ये या गाडीला फक्त टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) बसवता येतो, कॅम्बरचे (समोरून पाहता चाक कललेलं असणं) पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

हवेसाठी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या आकड्यापासून सुरुवात करा. टायरवर आडवी खडूची रेघ ओढा आणि सरळ डांबरावर दोनशे मीटर जा. रेघ फक्त मध्ये पुसली गेली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली गेली तर कमी.

स्पीडोमीटरला नव्या टायरची उंची माहीत नसते. काटा ८० वर असताना २१५ च्या हिशेबाने गाडी मूळ टायरपेक्षा सव्वा किलोमीटर जास्त धावते, २३५ च्या हिशेबाने जवळजवळ पाच. किलोमीटर कमी मोजले जातात, त्यामुळे मायलेज पडल्यासारखं वाटतं त्यातला काही भाग नुसता मोजणीतला असतो. माप बदलल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि अपघातानंतर सर्व्हेअर सगळ्यात आधी बघतो ते टायर.