मालकाच्या धर्मावरून रसावर बहिष्कार आला तर: छोट्या उद्योगाने काय करावे

'यांचा रस घेऊ नका' असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरू लागला की आधी एक गोष्ट ठरवा: आरोप मालावर आहे की मालकावर. 'बाटलीत घाण निघाली' हा मालावरचा आरोप. 'हे अमुक धर्माचे आहेत' हा मालकावरचा. निरोपात दोन्ही कालवलेले असतात, तुम्ही ते वेगळे करायचे. पहिल्याला चाचणीचा कागद, दुसऱ्याला पोलीस तक्रार. पाकिस्तानातल्या शेझान या रस आणि पेये बनवणाऱ्या कंपनीचे मालक अहमदी, म्हणजे पाकिस्तानचा कायदा ज्यांना मुस्लिम मानत नाही अशा पंथाचे. २०१२ मध्ये लाहोरच्या वकील संघटनेने न्यायालयाच्या आवारात तिची पेये विकायला बंदी केली, ती मालकांच्या पंथावरून. अशा वेळी रसाची शुद्धता सिद्ध करत बसण्यात अर्थ नसतो. त्यातून उलट प्रश्न रसाचाच होता असा समज पसरतो.

तरीही मालाची बाजू पक्की हवीच, कारण अफवेला बहुधा एखाद्या खऱ्या बाटलीचा फोटो जोडलेला असतो. झाकणाखाली पांढरट, चिकट थर दिसतो आणि त्यालाच 'थुंकी' म्हटले जाते. ती बहुधा बुरशी असते. रस भरताना तापमान ८५ अंशांच्या खाली घसरले, किंवा झाकण लावल्यावर बाटली दोन-तीन मिनिटे आडवी ठेवली नाही, तर झाकणाच्या आतल्या बाजूला उष्णता पोचत नाही आणि बुरशीचे बीजाणू जगतात. झाकण फुगले असेल तर रस आंबला आहे. तळाशी गाळ बसणे मात्र गर असलेल्या रसात स्वाभाविक आहे. लेबलवर 'वापरण्यापूर्वी हलवा' छापा.

प्रत्येक बॅचच्या तीन बाटल्या मुदत संपल्यावरही तीन महिने राखून ठेवा: एक स्वतः उघडायला, एक प्रयोगशाळेसाठी, एक वादासाठी. भरतानाचे तापमान, आम्लता आणि ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखरेचे प्रमाण) त्याच दिवशी वहीत लिहा. अहवाल एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच घ्या आणि त्यावर बॅच क्रमांक आहे ना ते पाहा. क्रमांक नसलेला अहवाल कुठल्याही बाटलीचा असू शकतो, त्यामुळे वादात तो टिकत नाही.

अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी नमुना घ्यायला आले तर अडवू नका. नमुन्याचे चार भाग होतात. त्यातला एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा अशी मागणी तिथल्या तिथे लेखी करा, तो खर्च तुमचा. अन्न विश्लेषकाचा (नमुना तपासणाऱ्या सरकारी तज्ज्ञाचा) अहवाल विरोधात गेला तर अपिलाला ३० दिवस मिळतात. हा हक्क माहीत नसल्याने चांगला माल असलेले लोकही हरतात.

आता निरोपाचा पुरावा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. पाठवणाऱ्याचा नंबर, गटाचे नाव, तारीख आणि वेळ दिसेल असे चित्र घ्या, चॅट निर्यात करून ठेवा, पोस्टची लिंक उतरवून घ्या. ज्या फोनवर निरोप आला तो विकू नका, रीसेट करू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. आणि 'बघा काय पसरवतायत' म्हणत स्वतःच निरोप पुढे पाठवू नका.

तक्रारीत भारतीय न्याय संहितेची दोन कलमे नमूद करा: १९६ (धर्माच्या आधारे वैर वाढवणे) आणि ३५३ (खोटी माहिती, अफवा). धमकी असेल तर ३५१. नोंद घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवा, पोच जपा. तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकारी. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार कायदा अनेकजण इथे पुढे करतात, पण तो जातपंचायतीसारख्या, समाजाने आपल्याच सदस्यावर टाकलेल्या बहिष्कारासाठी आहे. त्यावर वेळ घालवू नका. १९३० हा क्रमांक आर्थिक फसवणुकीचा आहे, अफवेचा नाही.

सगळ्यात नाजूक भाग दुकानदारांचा. ते बहुधा द्वेषाने नाही, भीतीने माल परत करतात. त्यांच्याशी वाद घालू नका. माल परत घ्या, क्रेडिट नोट द्या, कारण लेखी मागा. दुकानात लावायला चार ओळी पुरतात:

'बॅच क्र. … ची चाचणी … या प्रयोगशाळेत झाली असून अहवाल सोबत जोडला आहे. शंका असलेली बाटली न उघडता परत द्या, बदलून मिळेल. मालाबद्दलच्या प्रश्नांसाठी फोन: …'

यात धर्माचा उल्लेख नको, 'आमच्याकडे सगळ्या धर्मांचे कामगार आहेत' हेही नको. माणसांची यादी देऊन माणुसकी सिद्ध करायला लागणे हाच अपमान आहे आणि तो कामगारांवर लादू नये. घाबरून लेबलवरचे उत्पादकाचे नाव-पत्ता झाकणे तर चूकच: पॅकबंद मालावर ते आणि १४ अंकी अन्न परवाना क्रमांक कायद्याने असावेच लागतात, त्यामुळे अफवेच्या जोडीला खरा गुन्हा तुमच्या नावावर येतो. परत आलेला माल वेगळ्या खोलीत, बॅचप्रमाणे मोजून ठेवा. सील शाबूत दिसले तरी तो पुन्हा बाजारात पाठवू नका. वाटेत कोणी काय मिसळले याची खात्री देता येत नाही.