पिल्लासोबतचा पहिला लांबचा प्रवास: पुण्याहून कोकणात, गाडीने

कुत्र्याचं पिल्लू घरात रुळलं की लगेच ‘याला गावी नेऊ या’ अशी घाई सुरू होते. आधी लसीचं कार्ड काढून तारखा बघा. पहिला डोस 6 ते 8 आठवड्यांचं असताना, मग दर 3-4 आठवड्यांनी पुढचे, शेवटचा 16 आठवड्यांच्या सुमारास आणि रेबीजची लस 12 आठवड्यांनंतर. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे जाऊ द्या, मगच निघा. पार्व्होचा (उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या रोगाचा) विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि धाब्यामागची माती रोज नव्या कुत्र्यांच्या पायाखालून जाते. पावसाळ्यात जाणार असाल तर लसीत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस या रोगावरची लस) आहे का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. उंदरांच्या मुताने दूषित झालेलं पाणी कोकणातल्या खाचरांत आणि डबक्यांत असू शकतं, आणि पिल्लू तिथे तोंड घालणारच.

क्रेटची (प्रवासाच्या पिंजऱ्याची) सवय दोन आठवडे आधीपासून लावा. पिल्लाला उभं राहता येईल, वळता येईल आणि पाय पसरून झोपता येईल एवढाच क्रेट हवा. ‘वाढेल तेव्हा उपयोगी पडेल’ म्हणून मोठा घेतला, तर वळणावर ते आत इकडून तिकडे आपटतं. पहिले तीन-चार दिवस दार उघडं ठेवून घरातच त्यात जेवण द्या. मग क्रेट गाडीत ठेवा, पण इंजिन बंदच असू द्या. पुढे नुसतं इंजिन चालू करा. त्यानंतर 5 मिनिटांची फेरी, मग 15 आणि मग अर्ध्या तासाची. प्रत्येक फेरी बागेत किंवा ओळखीच्या घरी संपवा. गाडी म्हणजे दवाखाना आणि इंजेक्शन, असं एकदा डोक्यात बसलं की ते निघायला वेळ लागतो.

लहान क्रेटसाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे पुढच्या सीटमागची खालची जमीन, कारण तिथून तो घसरत नाही. मांडीवर घेऊन पुढे अजिबात बसू नका. एअरबॅग उघडली तर पिल्लाच्या जिवावर बेतू शकतं. क्रेट नसेल तर मागच्या सीटवर हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घालून तो सीटबेल्टला अडकवा. गळ्यातल्या पट्ट्याला बेल्ट कधीच अडकवायचा नाही, जोरात ब्रेक लागला तर सगळा हिसका मानेवर येतो.

आता ओकारीचं. ताम्हिणी असो वा कुंभार्ली, घाटात बरीच पिल्लं ओकतात. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग अजून पुरता तयार झालेला नसतो, त्यामुळे डोळ्यांना दिसतं एक आणि शरीराला जाणवतं दुसरंच. जेवण निघण्याच्या 3-4 तास आधी द्या, पाणी मात्र थोडं थोडं देत राहा. पॉमेरेनियनसारख्या लहान जातीचं पिल्लू फार वेळ उपाशी ठेवू नका. त्याची साखर चटकन उतरते, ते लुळं पडतं, थरथरतं. त्याला दर 2-3 तासांनी चमचाभर नेहमीचंच खाणं द्या आणि लुळं पडलंच तर हिरड्यांना थोडा मध चोळून थेट डॉक्टर गाठा. ओकारीच्या आधी खुणा दिसतात: सारखं ओठ चाटणं, जांभया, मग छातीपर्यंत ओघळणारी लाळ. लाळ दिसली की जागा बघून थांबा, काच थोडी खाली करा, दहा मिनिटं मोकळी हवा द्या. घाटात गाडी चालवणाऱ्याने वळणाच्या आधीच वेग कमी करावा, निम्मा त्रास तिथेच टळतो. घरातल्या माणसांची उलटीची गोळी अर्धी करून देऊ नका. औषध आणि मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पॅरासिटामॉल तर कधीच नाही.

दर दीड-दोन तासांनी थांबा. दार उघडण्याआधी पट्टा हातात आलेला असला पाहिजे, कारण घाबरलेलं पिल्लू सुटलं की थेट रस्त्यावर धावतं. धाब्याच्या मागे नेऊ नका. जुनं वर्तमानपत्र किंवा पी-पॅड (शू शोषून घेणारा कागदी पॅड) पसरून त्यावरच शू करू द्या.

जेवायला उतरताना त्याला बंद गाडीत ठेवू नका. बाहेर 30 अंश असलं तरी आतलं तापमान वीस मिनिटांत चाळिशीच्या वर जातं, काच बोटभर उघडी ठेवून फरक पडत नाही. आळीपाळीने जेवा. जोरात धापा, घट्ट चिकट लाळ आणि लालभडक हिरड्या दिसल्या तर सावलीत आणून अंगावर साधं थंड पाणी ओता, वारा घाला आणि लगेच जवळच्या डॉक्टरांकडे न्या. बर्फ लावू नका.

पिशवीत घरचंच खाणं आणि पाणी घ्या (जागा बदलली की पोट बिघडतं, त्यात खाणंही बदलू नका), लसीचं कार्ड, जुने टॉवेल, पी-पॅड. पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला असू द्या. वाटेवरच्या एका जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर निघण्याआधीच सेव्ह करा.

गावी पोचल्यावर समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, जुलाब लागतात. रोज संध्याकाळी गोचीड शोधा: बोटांच्या बेचक्यात, कानांच्या आत, पट्ट्याखाली. सापडली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा, पिळू नका, तेल ओतू नका. परतल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, खाणं सुटलं किंवा हिरड्या फिक्या पडल्या, तर डॉक्टरांना कोकणात जाऊन आल्याचं आधी सांगा.